परसातल्या शेडवर शिंगलचे छप्पर: माझा अनुभव

बागेची अवजारे आणि सुतारकामाचे सामान ठेवण्यासाठी घरामागे ८ फूट रुंद आणि १० फूट लांब अशी लाकडी शेड मी स्वतः उभी केली. भिंती आणि दार होईपर्यंत हात चांगला बसला होता, पण छपराची धास्ती मनात होती, कारण भिंत थोडी वाकडी आली तर ती डोळ्यांना खटकते एवढेच. छपरात चूक राहिली तर आतले सगळे सामान भिजते.

वासे बसवतानाच दर १२ इंचांना ४ इंच चढ ठेवला होता. डांबरी शिंगलला, म्हणजे ओळींनी एकावर एक चढवत लावायच्या डांबराच्या चपट्या तुकड्यांना, एवढा उतार निर्धास्त चालतो. याहून कमी, म्हणजे १२ इंचांना २ इंचांपर्यंत उतार असेल, तर खालचा डांबरी कागद दुहेरी घालावा लागतो आणि त्याहून सपाट छपरावर शिंगल घालू नये. वाशांवर १२ मिलिमीटरचे प्लायवुड ठोकताना दोन फळ्यांमध्ये ३ मिलिमीटरची फट सोडली, कारण ओल धरून फुगलेले लाकूड एकमेकाला भिडले की वर उचलले जाते आणि तो उंचवटा शिंगलमधूनही दिसतो.

सामानाच्या हिशेबात माझी पहिली चूक झाली. छपराचे प्रत्येक पाखे (उतरती बाजू) ५ फूट बाय ११ फूट, म्हणजे दोन्ही मिळून ११० चौरस फूट. एका गठ्ठ्यात साधारण ३३ चौरस फूट भागते, म्हणून ४ गठ्ठे पुरतील असे मी धरले. वळचणीला पहिल्या ओळीच्या खाली जाणारी पट्टी आणि आढ्यावरचा सांधा झाकणाऱ्या टोप्या याही त्याच शिंगलमधून कापायच्या असतात, हे या हिशेबात आलेच नव्हते. शेवटी पाचवा गठ्ठा आणावा लागला.

प्लायवुडवर कागद आणि कडेला पत्र्याची पट्टी लावताना क्रम फार महत्त्वाचा आहे. वळचणीला पत्रा आधी आणि त्यावर कागद. दोन्ही तिरक्या कडांना मात्र आधी कागद आणि त्यावर पत्रा. वळचणीला कागदावरून आलेले पाणी पत्र्यावरून बाहेर पडले पाहिजे आणि तिरक्या कडेला वाऱ्याने मारलेला पाऊस कागदाखाली शिरता कामा नये, हे त्यामागचे कारण. आढ्याचे पाणी वळचणीला येणारच. वाटेत त्याला कुठल्याही सांध्यात तोंड मिळू नये, एवढ्यासाठी हे सगळे काम असते.

माझे शिंगल ३ फूट लांब आणि १२ इंच रुंद, खालच्या बाजूला दोन चिरा देऊन तीन पाकळ्या केलेले होते. पहिल्या ओळीच्या चिरांखाली उघडा कागद राहू नये म्हणून आधी पाकळ्या कापून टाकलेल्या शिंगलची पट्टी लावायची असते. मी शिंगल नुसते उलटे फिरवून ठेवणार होते, पण तसे केले तर वरची ओळ चिकटावी म्हणून शिंगलवर असलेली डांबराच्या चिकट ठिपक्यांची रेघ वळचणीपासून दूर जाते आणि पहिल्या ओळीची कड चिकटायला खाली काही उरत नाही. पाकळ्या कापल्या म्हणजे ती रेघ नेमकी कडेजवळ येते.

पुढच्या ओळी दर ५ इंचांवर, खडूच्या दोऱ्याने रेघ मारून आणि प्रत्येक ओळ ६ इंच सरकवून लावल्या. खरा धडा चौथ्या ओळीला मिळाला. चिकट रेघेवर खिळा मारू नये एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी तो रेघेच्या वर, शिंगलच्या खालच्या कडेपासून सुमारे ८ इंचांवर मारत होते. एक शिंगल जरासे तिरके बसले म्हणून उचलले, तेव्हा खालच्या ओळीच्या वरच्या कडेला खिळ्याचे एकही भोक दिसले नाही. वरचे शिंगल खालच्यावर ७ इंचच चढते, त्यामुळे ८ इंचांवरचा खिळा खालच्या शिंगलला शिवतच नव्हता. तो रेघेच्या लगेच खाली, चिरेच्या किंचित वर, म्हणजे साडेपाच-पावणेसहा इंचांवर हवा. तिथे मारला तर प्रत्येक शिंगल आपल्या ४ खिळ्यांनी आणि वरच्या ओळीच्या खिळ्यांनी असे दोनदा धरले जाते. डांबर अजून चिकटले नव्हते, म्हणून चारही ओळी पहारीच्या चपट्या टोकाने हलकेच सोडवल्या, फाटलेली शिंगल टोप्यांसाठी बाजूला ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली. त्यात अर्धा दिवस गेला, पण तो वाचवला असता तर पहिल्या मोठ्या वाऱ्यात पाकळ्या उडाल्या असत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खिळ्याचे डोके शिंगलला सपाट टेकले की थांबायचे. आणखी एक घाव बसला तर कड शिंगल कापते आणि तो खिळा असून नसल्यासारखा होतो. प्लायवुड पातळ असल्याने टोके आतून बाहेर आली. ती पाहून मी आधी घाबरले होते, पण पातळ फळीतून खिळा आरपार गेलाच पाहिजे.

आढ्यासाठी एका शिंगलच्या तीन टोप्या कापल्या. कापताना सुरी मागच्या बाजूने चालवावी, कारण वरच्या खड्यांवर पाते लगेच बोथट होते. ज्या दिशेने वारा येतो त्याच्या विरुद्ध टोकापासून टोप्या लावत गेले आणि शेवटच्या टोपीचे उघडे खिळे छपराच्या डांबराने बुजवले.

उन्हाच्या पाख्यावरची शिंगल काही दिवसांत एकमेकांना घट्ट धरून बसली. सावलीतल्या पाख्याला ती ऊब मिळत नव्हती आणि बोट घातले की पाकळी उचलली जात होती, म्हणून कडेच्या प्रत्येक पाकळीखाली रुपयाएवढा डांबराचा ठिपका देऊन ती हाताने दाबली. त्यानंतरच्या पहिल्या पावसात विजेरी घेऊन आत उभी राहिले आणि खिळ्यांची टोके एकेक करून पाहिली. सगळी कोरडी होती.