दिवस १९: चार जणी आपल्या पायांनी आत गेल्या!

काल सहाला पाच कमी असताना हिरव्या वाळ्याची कोंबडी फळीवरून चालत खुराड्यात गेली. स्वतःच्या पायांनी. मी चहाचा कप हातात धरून पायरीवर तशीच थिजले, कारण जरा हललं की ती परत बाहेर येणार. तिच्यामागून लाल, मग पिवळी, मग मानेवर एक पीस नसलेली. चार! गेले अठरा दिवस रोज संध्याकाळी सहाच्या सहा जणींना उचलून आत ठेवतेय मी. पाठीला विचारा.

मागचं थोडक्यात. पोल्ट्रीच्या पिंजऱ्यातून काढलेल्या सात कोंबड्या आणल्या, एक तिसऱ्याच दिवशी गेली. बाकीच्या ठीक. पाण्याचं भांडण मिटलं. पातेल्यातलं पाणी म्हणजे पाणी, हेच यांना माहीत नव्हतं. जन्मभर निपलच्या, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, पाण्यावर काढलेली. मग निपलची नळी बांधून तिच्याखालीच पातेलं ठेवलं. थेंब पडताना चोच खाली गेली ती गेलीच. ऑनलाइन मागवलेले प्लास्टिकचे निपल सहातले चार गळके निघाले. स्टीलच्या दांडीचे घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आता मुख्य रड. गावरान कोंबडी दिवेलागणीला आपसूक घरात येते, आपण फक्त दार लावायचं. या बीव्ही-३०० ना, म्हणजे पोल्ट्रीतल्या अंड्यांच्या जातीला, दिवस मावळणं ठाऊकच नाही. शेडमध्ये १६ तास उजेड, मग बटण बंद, की असेल तिथं बसायचं. जायचं कुठं? ए-फोर कागदाएवढीसुद्धा जागा वाट्याला नाही. त्यामुळे इथं अंधारलं की सगळ्या कंपाउंडच्या भिंतीला, २०१९ च्या पुराच्या पाण्याचा पट्टा अजून दिसतो तिथं, एकीवर एक ढीग करून बसायच्या. आणि आमच्या सांगलीत हरिपूर रोडला मुंगसांची काही कमी नाही. पलीकडं ऊसच आहे.

काय काय केलं ते ऐका. आत बल्ब लावला, तर उजेड अंगणात सांडला आणि त्या बाहेरच जास्त वेळ जाग्या राहिल्या. मॅशची (भरडलेल्या खाद्याची) बादली आत वाजवली, तर धावत आल्या, खाल्लं, परत भिंतीला. मग शेजारच्या काकूंची गावरान तीन दिवस उसनी आणली, म्हटलं हिचं बघून शिकतील. ती पहिल्याच संध्याकाळी पेरूवर चढून बसली. फळी तेवढी बदलली ते बरं झालं. चार फुटीची चढण यांना झेपत नव्हती. अंड्यांपायी हाडातलं कॅल्शियम गेलेलं असतं, उडी चुकली की छातीचं हाड मोडतं. आता सहा फुटी फळी आहे, वर गोणपाट ठोकलंय.

उलगडा आत्यांनी केला. परवा त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, त्या भिंतीला नाही जात, उन्हाला जात्यात. बघ की."

बघितलं. खरंच! मावळतीचं शेवटचं ऊन त्याच भिंतीवर पडतं, आणि ऊन वर सरकलं की ढीग तिथंच बसतो. कोंबडीला अंधुक उजेडात जवळजवळ दिसतच नाही. आणि आमच्या खुराड्याचं दार पूर्वेला. का? तर आमच्या ह्यांची वास्तू! सुताराला मुद्दाम बजावून करून घेतलेलं. म्हणजे संध्याकाळी दारात बघावं तर आत काळंकुट्ट भोक. मी कोंबडी असते तरी गेले नसते.

काल सकाळी चौघांनी मिळून खुराडं फिरवलं, दार पश्चिमेला. हे कुरकुरले, तर आत्या म्हणाल्या, "कोंबडीची वास्तू कोंबडीला ठरवू दे." साडेपाचला ऊन थेट आतल्या तुसावर, मागच्या फळीपर्यंत. पुढचं वर लिहिलंच आहे.

राहिल्या दोन. तिरपी, चोच वाकडी कापलेली ती, फळीच्या मध्यावर जाऊन परत फिरते, तिचं होईल. निळी मात्र वेगळंच करत होती. खुराड्याला वळसा घालून मागच्या बाजूला, कोऱ्या फळ्यांसमोर उभी. मी हसले, उचलून आत ठेवली. आता लिहिताना डोक्यात आलं: पूर्वी दार तिथंच होतं! अठरा रात्री मी तिला तिथूनच आत ठेवलं. म्हणजे निळी सगळ्यांच्या आधी शिकलेली होती, आणि शिकल्या शिकल्या मी तिचं दार पळवलं.

मग उजेड ओळखणाऱ्या ऑटोमॅटिक दरवाजाचा बेत रद्द. त्या पैशात सुताराकडून मागंही एक छोटं दार पाडून घेते, दोन्हीकडं जाळी. तसंही पावसाळ्यात पश्चिमेची झड सरळ आत येणार, तेव्हा पुढचं बंद करून मागचं उघडायचं. आणि जाळी असली की पूर्वेच्या दारातूनही पलीकडचा उजेड दिसेल. ह्यांची वास्तूही राहिली!

अंडी? सहा जणींची मिळून आठवड्यात नऊ. १६ तासांवरून सव्वाअकरा तासांच्या दिवसावर आल्यात, पिसं झडायला लागलीत, आणखी कमी होतील. अंड्यांसाठी बल्ब लावा म्हणून सांगू नका, मी लावणार नाही. पोल्ट्रीतून काढेपर्यंत लावलाच होता कुणीतरी.

हो, आणि पिवळी आज राखेत लोळली. पहिल्यांदाच. एक पाय हवेत, डोळे मिटलेले, मला वाटलं झटका आला. धावत गेले तर उठून अंग झाडलं, सगळी राख माझ्या गाऊनवर.

साडेपाच वाजले. निळी मागं जाऊन उभी राहिली असणार.