नर्सिंगच्या परीक्षा: एका पेपरची सवय दुसऱ्याला चालत नाही (माझा अनुभव)

सोलापुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला दोन तयाऱ्या एकदम चालतात. एक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या लेखी परीक्षेची, दुसरी नॉरसेटची, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेची. दोन्ही देऊन झाल्यावर सांगते, सवयी अगदी उलट्या लागतात.

विद्यापीठाचा पेपर 75 गुणांचा, तीन तासांचा. मी एका गुणाला दोन मिनिटं धरायचे. पाच गुणांच्या टिपेची दहा मिनिटं झाली की वाक्य अर्धवट असलं तरी पुढचा प्रश्न. असं केलं तर तीस मिनिटं हातात उरतात, ती वाचायला आणि सुटलेलं भरायला. इथे चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरं काही सोडायचं नाही. गुण जातात ते केअर प्लॅनमध्ये, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या आराखड्यात. नर्सिंग डायग्नोसिसच्या रकान्यात 'न्यूमोनिया' लिहिणाऱ्या बऱ्याच जणी असतात, पण ते डॉक्टरांचं निदान झालं. आपण लिहायचं ते असं: घट्ट कफामुळे श्वासमार्ग मोकळा राहत नाही, पुरावा म्हणून खोकला, घरघर, वाढलेला श्वासाचा दर. आणि रॅशनलचा (ही शुश्रूषा का करायची, त्या कारणाचा) रकाना घाईत रिकामा राहतो, तो आधी भरा.

नॉरसेटच्या पूर्वपरीक्षेत 100 प्रश्न, 90 मिनिटं, चुकीला एक तृतीयांश गुण वजा. चारही पर्यायांत आंधळा ठोकताळा मारला तर सरासरी हिशेब शून्यावर येतो. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर तोच हिशेब फायद्यात जातो, दोन खोडले तर चांगलाच. म्हणून एकही खोडता येत नसेल तोच प्रश्न मी सोडायचे.

खरी गंमत 'सर्वांत आधी काय कराल' या प्रश्नांत आहे, कारण चारही पर्याय बरोबरच असतात. एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात रक्तदाब वाढून फिट्स येणं) पेशंटला मॅगसल्फची (मॅग्नेशियम सल्फेट, फिट्सवरचं औषध) ड्रिप चालू आहे, श्वासाचा दर मिनिटाला 10, गुडघ्यावर ठोकलं तरी पाय उडत नाही, म्हणजे औषध जास्त झालंय. कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा पाठ असतो, म्हणून हात तिकडेच जातो. पण औषध आत जातंच आहे, तर आधी ड्रिप बंद. 'आधी तपासणी, मग कृती' हा क्लासमधला नियमही इथे फसवतो, कारण तपासणी प्रश्नातच करून दिलेली आहे. ती दिली नसेल तरच तपासणीचा पर्याय निवडा.

ड्रिपच्या गणितात तासांची मिनिटं करायचं राहून जातं. 500 मिली चार तासांत, सेट 20 थेंबांचा (20 थेंबांना 1 मिली): 500 गुणिले 20 भागिले 240, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. 240 ऐवजी 4 ने भागलं की 2500 येतात. एवढे थेंब मोजून दाखवा बरं! 60 थेंबांच्या मायक्रोसेटला तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. तिथे गणित करूच नका.

प्रॅक्टिकलला मिळालेला पेशंट मराठी बोलेलच असं आपल्याकडे नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली आजी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडचे आजोबा कन्नड. 'नोप्पि एक्कड' आणि 'नोवु एल्लि', म्हणजे 'कुठं दुखतंय', एवढं तरी तोंडात बसवून जा आणि पोटाला हात लावायच्या आधी विचारा. दुखरी जागा शेवटी तपासायची असते, आणि परीक्षक तेवढंच बघत उभे असतात.