ट्रक हलण्याआधीची वही

दिवाळी सरली की नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, तळोदा, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ट्रक लागतात. ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडे उतरलेली माणसं होळीला परततात, नाहीतर थेट अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्यांच्या हक्कांसाठी लढणारा कार्यकर्ता म्हटलं की मोर्चा आठवतो. पण निम्मी लढाई वहीची असते, आणि ती ट्रक हलण्याआधीच लढावी लागते.

वहीत काय हवं? मुकादमाचं (टोळी जमवून नेणाऱ्या ठेकेदाराचं) पूर्ण नाव आणि गाव, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) किती, कोणत्या तारखेला, कोणासमोर. कारखाना, ट्रकचा नंबर, सोबतच्या पोरांची वयं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे मुकादमाच्या चिठ्ठीवर नाव एकट्या नवऱ्याचं असतं. आपल्या वहीत बाईसाठी वेगळी ओळ ठेवायचीच.

रेशनचं आधार जोडणं दिवाळीआधीच उरकून घ्यावं. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे थोडं धान्य तिकडे आणि उरलेलं घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना इकडे घेता येतं, पण तिकडचा दुकानदार ‘गुजरातचं कार्ड आणा’ म्हणून हाकलतो. त्यात कोयता धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र अंगठा घेत नाही. शाळेचंही तसंच. आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. तरी घरी पावरी बोलणारं, शाळेत मराठी शिकणारं पोर एकदम गुजरातीत बसवण्यापेक्षा गावातलं हंगामी वसतिगृह बरं.

मग माघ-फाल्गुनात फोन येतो: हिशेब होत नाही, जाऊ देत नाहीत. गाडी पाठवून माणसं घरी आणावीत असं कुणालाही वाटेल. जिवावर बेतलं असेल तर आणावीतच, पण एरवी खटला इथेच मरतो. वेठबिगारीची चौकशी आणि मुक्तीचा दाखला जिथे मजुरी झाली त्या जिल्ह्यातून निघतो, म्हणजे सुरत किंवा नवसारीतून, नंदुरबारहून नाही. मजूर पडावावरून, म्हणजे मुक्कामाच्या जागेवरून, उठले की तिथला अधिकारी लिहितो, ‘जागेवर कोणी आढळले नाही.’

म्हणून अर्ज तिथल्या जिल्हाधिकाऱ्याला करावा. पडावाचं गाव, तालुका, जवळची खूण, माणसांची संख्या, सगळं त्यात हवं. नुसतं ‘मजुरी थकली’ लिहिलं तर कागद कामगार कार्यालयात जाऊन बसतो. ‘१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली’ हे शब्द हवेत. सोबत तीन गोष्टी: उचल घेतली, ती फिटेपर्यंत सोडत नाहीत, किमान वेतनाहून कमी मिळतं. चौकशीला आलेला माणूस विचारतो, ‘कोंडून ठेवलं होतं का? मारलं का?’ वेठबिगारी ठरायला कायद्याला कुलपाची गरज नाही. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलं आहे. शिवाय कलम १५ प्रमाणे कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं धनकोवर आहे, मजुरावर नाही.

जबाब मुकादमासमोर होऊ देऊ नये. तो बहुतेकदा गावचाच, नात्यातला, आणि कारखान्याकडून स्वतः उचल घेऊन बसलेला. सगळा राग त्याच्यावर काढला की कारखाना अलगद सुटतो. जबाब गुजरातीत लिहिला जातो, म्हणून पावरी किंवा भिलोरी जाणणारा माणूस सोबत हवा. वाचून, समजावून सांगितल्याशिवाय अंगठा नाही.

मुक्तीचा दाखला माणसागणिक वेगळा मागावा. तातडीची मदत ३० हजारांपर्यंत मिळते. पुढचं पुनर्वसन पुरुषाला १ लाख, बाईला २ लाख, पण ती रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली. एका कोयत्याचा एकच दाखला नवऱ्याच्या नावाने निघाला, तर बाईचे २ लाख कागदावरूनच गळतात. वहीतली तिची ओळ इथे कामी येते. पैसे खात्यात येतात, आणि तिचं जनधन खातं व्यवहाराअभावी बंद पडलेलं असतं. ते सुरू करून घ्यायचं कामही दिवाळीआधीच्या यादीत टाकावं.