डावा कोपरा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला आणि डोळ्यांपुढे थेट पी. टी.चे सर उभे राहिले. सर म्हणजे कोणते, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही.

1997 चा जून, मी आठवीत. शाळा नुकतीच उघडली होती. मैदानावर चुन्याच्या रेघा मारता मारता सरांनी आम्हाला थांबवलं आणि खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून वाचलं. शिकागो बुल्स विरुद्ध युटा जॅझ, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, 86-86 बरोबरी. मायकेल जॉर्डनच्या अंगावर दोघे धावून गेले. त्याने मोकळ्या उभ्या स्टीव्ह करला पास दिला, आणि पाच सेकंद उरलेले असताना करने बास्केट केली. शिकागो 88-86 ने पुढे गेलं आणि शेवटी 90-86 ने जिंकलं. पोरं ‘जॉर्डन, जॉर्डन’ करत होती. सर माझ्याकडे वळले. मी संघातला एक्स्ट्रा. म्हणाले, “हा कर तुझ्यासारखा बाकावरचा. पण बॉल आला तेव्हा तयार होता.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला पाण्याच्या टाकीजवळच्या डाव्या कोपऱ्यातून माझे पन्नास शॉट सुरू झाले. रोज. सर बॉल परत फेकायचे आणि मोठ्याने मोजायचे.

नववीत आंतरशालेय सामन्यात शेवटच्या मिनिटाला सरांनी मला उतरवलं. एका गुणाने मागे होतो. बॉल आला तोही डाव्या कोपऱ्यातच! मी मारला. रिंगच्या पुढच्या कडेला आपटून बाहेर आला. त्या संध्याकाळी सायकल हातात धरून चालत घरी गेलो, जेवलो नाही. सकाळी आईने ढकलून पाठवलं. सर टाकीजवळ बॉल घेऊन उभे होते. सामन्याबद्दल चकार शब्द नाही. फक्त म्हणाले, “पन्नास.”

करची कारकीर्द मी पुढे मिळेल तिथून वाचली. 1988 मध्ये एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात तो 50 वा. 910 सामने खेळला, त्यातल्या फक्त 30 मध्ये सुरुवातीच्या पाचांत. सामन्यामागे सरासरी गुण सहा. पण तीन गुणांच्या फेकींत यश 45.4 टक्के, एनबीएत आजवर सर्वाधिक, आणि खेळाडू म्हणून पाच विजेतेपदं. आणखी एक गोष्ट कळली. त्याच 1997 च्या मालिकेत, चौथ्या सामन्याच्या अखेरीस करचा मोकळा शॉट हुकला होता आणि तो खोलीत उशीत डोकं खुपसून पडला होता. हे सरांना ठाऊक होतं का? विचारायचं राहून गेलं. मी पुण्याबाहेर शिकत होतो, सर गेल्याचं पत्राने कळलं.

आज मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन झालं की नातेवाईक सर्जनचे हात धरतात, आणि ते योग्यच आहे. मी उशाशी बसून मॉनिटर बघत असतो. रक्तदाब घसरला तर हात आपोआप सिरिंजकडे जातो. ही सवय सरांची.

मागच्या महिन्यात शाळेत येऊन गेलो. नवी इमारत छान झाली आहे. पण टाकी गेली, आणि डाव्या कोपऱ्यात दुचाकी लागतात. बोर्डाला रिंग आहे, जाळी नाही. वाईट वाटलं.

समारंभाला बॉल घेऊन येणार आहे. त्या दिवसापुरत्या तरी तिथल्या गाड्या हलवाव्यात, एवढी विनंती. पन्नास शॉट मारायला अर्धा तास पुरेल.