रात्रीची रेंज आणि डोळ्यांपुढचे काजवे

डॅलसला येऊन सात वर्षं झाली, पिस्तूल घेऊन चार, आणि एवढ्या दिवसांत नळीच्या तोंडाशी होणारा जाळ मी कधी नीट बघितलाच नव्हता कारण नेमबाजीच्या सरावाच्या जागी, म्हणजे रेंजवर, लख्ख उजेड असतो. मागच्या महिन्यात कमी उजेडातला क्लास केला तेव्हा बघितला. मित्राने त्याची दोन इंची नळीची, ३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाची रिव्हॉल्व्हर हातात दिली, म्हणाला एकच मार. चाप ओढला आणि डोळ्यांपुढे अक्षरशः काजवे चमकले. मोठा नारिंगी भडका, आणि मग जिकडे बघावं तिकडे हिरवट-जांभळा डाग. दिवाळीत भुईनळ्याकडे टक लावून बघून मान वळवली की होतं ना, तसं. टार्गेट गायबच. पिस्तूल खाली केलं आणि डाग जाईपर्यंत थांबलो, दिसत नसताना दुसरी गोळी मारायचीच नाही.

हे का होतं ते समजलं की भीती बरीच कमी होते. गोळीच्या मागून तापलेले वायू बाहेर येतात, ते अजून जळण्यासारखे असतात, बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की परत पेट घेतात, मोठा जाळ असतो तो हा. नळी आखूड असेल तर वायू जास्त दाबाने बाहेर येतात, काडतुसातली दारूही पूर्ण जळलेली नसते, म्हणून भडका मोठा. त्याच रिव्हॉल्व्हरमधून साधी ३८ स्पेशल, म्हणजे कमी जोराचं काडतूस, मारली तर कितीतरी सुसह्य. माझ्या चार इंची नळीच्या नाइन एमएम पिस्तुलामध्ये सरावाची स्वस्त काडतुसं आणि घरच्या रक्षणासाठी ठेवलेली काडतुसं यांच्यातही फरक स्पष्ट दिसला, दुसरीत जाळ खूपच कमी. बऱ्याच कंपन्या अशा काडतुसांत जाळ दाबणारी दारू वापरतात, पण खोक्यावरच्या शब्दावर जाऊ नका, तुमच्याच पिस्तुलातून अंधारात चार-पाच मारून बघा. आणि नळीला वर भोकं पाडलेली असतील तर जाळ सरळ साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणांच्या, समोरच उडतो, ते मला अजिबात नको.

मला मनापासून सांगायचंय ते टॉर्चबद्दल. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका भडक्यात ती कमाई जाते. टॉर्च चालू असला की बाहुली आधीच आकसलेली असते, त्यामुळे तोच जाळ तितका झोंबत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोर कोण आहे ते दिसतं. रात्री दोनला किचनमध्ये खुडबुड करणारा आपला मुलगाही असू शकतो, बाबांनो! म्हणून टॉर्च वेगळा हातात हवाच, फक्त पिस्तुलावर लावलेला नको, कारण मग बघण्यासाठी नळी माणसावर रोखावी लागते. अंधारात आपोआप चमकणाऱ्या ट्रिटियमच्या साइट चांगल्या, पण त्या फक्त साइट दाखवतात, समोरचा माणूस नाही, आणि बारा वर्षांत त्यांचा उजेड निम्म्यावर येतो.

क्लासच्या शेवटी डाव्या हातात टॉर्च धरून माझ्याच पिस्तुलातून पाच मारल्या. जाळ दिसला, पुढची साइटही दिसली, आणि पाचही कागदावर होत्या.