त्या रात्री तो कुठे होता?

धुळ्यात नव्या भरतीच्या पोरापोरींना मी तपास शिकवतो. पंचनाम्याचा नमुना, स्टेशन डायरी, मुद्देमालाची लेबलं घोकून येतात. संशयित कसा ठरवायचा ते घोकून येत नाही, म्हणून परवा लंडनचं १८८८चं 'जॅक द रिपर' प्रकरण काढलं. व्हाइटचॅपल, ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर, एकाच्याच हातचे मानले जाणारे पाच खून, आरोपी आजवर अज्ञात. आपल्याकडे ही फाईल 'अ समरी'त, म्हणजे 'गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही' या शेऱ्याने बंद झाली असती.

फळ्यावर तीन नावं लिहिली: ड्रुइट, कोस्मिन्स्की, ऑस्ट्रॉग. लंडन पोलिसांतल्या मॅकनॉटन या वरिष्ठाने १८९४ साली टिपणात संशयित म्हणून लिहिलेली. हा साहेब खात्यात आला १८८९ला, खून होऊन गेल्यावर. प्रत्येकापुढे रकाने आखायला लावले: साक्षीदार, मुद्देमाल, त्या रात्री कुठे.

शिरपूरकडची एक मुलगी कागद वाचता वाचता ओरडलीच, "सर, हाऊ ते जेलमा व्हता!" खरंच. ऑस्ट्रॉग तेव्हा फ्रान्सच्या तुरुंगात होता. ड्रुइट टिपणात ४१ वर्षांचा डॉक्टर, प्रत्यक्षात ३१ वर्षांचा वकील आणि मास्तर. डिसेंबरअखेर त्याचं प्रेत थेम्स नदीत सापडलं आणि खून थांबले, हे आणि घरच्यांनाच संशय होता अशी ऐकीव माहिती, एवढाच त्याच्याविरुद्धचा 'पुरावा'. वरून नाव आलं की रकाने कोण तपासतो? आपल्याकडेही रेकॉर्डवरचा आधी उचलतात, कारण मागाहून शोधतात. मला याची चीड आहे.

कोस्मिन्स्कीवर मुलं अडून बसली. खून झालेल्या पाचांपैकी कॅथरिन एडोजची म्हणून दाखवल्या जाणाऱ्या शालीवर त्याचं डीएनए मिळालं, असं त्यांनी मोबाइलवर वाचलेलं. मी कॅथरिन एडोजच्या अंगावरच्या वस्तूंची यादी वाचून दाखवली. चहाचा डबा, साखरेचा डबा, गहाणाच्या पावत्या, चष्म्याचा तुकडा. इतकी बारीक यादी आजही फार थोडे हवालदार करतात. तिच्यात शाल नाही. पंचनाम्यात नाही, सील नाही, मधली शंभरएक वर्षं कुणाच्या ताब्यात होती याचा धड कागद नाही. असा मुद्देमाल कोर्टात पहिल्याच उलटतपासात उडतो.

इथवर माझं पक्कं होतं. मग भिंत आली. ३० सप्टेंबरच्या पहाटे गोल्स्टन स्ट्रीटवर एडोजच्या ॲप्रनचा रक्ताळलेला तुकडा सापडला, वर भिंतीवर ज्यूंबद्दल खडूने लिहिलेलं. ज्यूंविरुद्ध दंगल पेटेल या भीतीने पोलीस आयुक्त वॉरनने फोटो निघायच्या आत ते पुसायला लावलं. "पुरावा नष्ट केला," मी म्हणालो.

धुळे शहरातला एक पोरगा उभा राहिला. २०१३ची दंगल त्याने लहानपणी पाहिलेली. "सर, आपल्याकडे सकाळी लोकांनी असं वाचलं असतं तर? मीपण पुसलं असतं."

आधी फोटो, मग पुसणं, असं मी बोलून गेलो. पण फोटोला उजेड हवा, आणि तो रविवार होता, उजाडताच जवळच पेटिकोट लेनचा बाजार भरणार होता. हॅल्स नावाच्या पोलिसाने फक्त वरची ओळ पुसा असं सुचवलं, ते वॉरनने मानलं नाही. दोन पंच बोलावून कंदिलाच्या उजेडात मजकूर उतरवायचा, सह्या घ्यायच्या आणि मगच फडकं मारायचं, एवढं तरी करता आलं असतं. हॅल्सने आणि तुकडा सापडलेल्या लाँग शिपायाने उतरवून घेतलेला मजकूर शब्दाला शब्द जुळत नाही. पुढच्या तासाला त्या पोराला मी हेच सांगणार आहे, पण त्याच्या हातात बंदोबस्त असता तर त्याने पंचांसाठी थांबावं, असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.