साडीचं दुकान नवं करायचं? आधी दिव्यांकडे बघा

गिऱ्हाईक साडी उचलून दाराशी नेतं आणि म्हणतं, "जरा उजेडात बघते." दुकानाचं रूप बदलायला सुरुवात कुठून करायची, ते इथेच कळतं. बहुतेक दुकानदार मात्र आधी सुताराला बोलावतात, मग पीओपी, आणि उरलेल्या पैशात मिळतील ते दिवे. खर्च नेमका उलटा व्हायला हवा.

१० बाय २० फुटांचं दुकान धरू, म्हणजे साधारण १८.६ चौरस मीटर. कापड नीट दिसायला काउंटरवर ५०० लक्स उजेड पाहिजे; लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडाचं माप. क्षेत्रफळाशी गुणाकार करून ९,३०० ल्युमेन (दिव्यांतून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) येतात, पण भिंती, रॅक आणि धूळ त्यातला बराच उजेड खातात, म्हणून १४,००० धरावेत. २० वॅटच्या चांगल्या एलईडी ट्यूबमधून सुमारे २,००० ल्युमेन मिळतात, तेव्हा सात ट्यूब झाल्या. दहा बसवून डोळे दिपवण्यात अर्थ नाही.

खरी गोम उजेडाच्या जातीत आहे. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तितकी पिवळी, जास्त तितकी निळसर. ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या ट्यूबखाली सोनेरी जर फिकी पडते. ३००० च्या पिवळ्या दिव्याखाली पांढरी साडी सायीच्या रंगाची दिसते आणि निळा रंग मळतो. साड्यांना ४००० बरा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० किंवा जास्त आहे का, तेही वाचा. ८० वाल्या दिव्यात लाल रंग बहुधा मार खातो आणि कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. दिवे घ्यायला जाताना एक लाल, एक मोरपंखी आणि एक जांभळी साडी सोबत न्या. दिव्याखाली बघा, बाहेर उन्हात बघा, मगच पैसे द्या. आणि सगळे दिवे एकाच खेपेला घ्या, चार जास्तीचे ठेवा. नंतर आणलेल्या दिव्याची छटा जुन्यांशी क्वचितच जुळते.

रॅकसाठी १२ वॅटचे, ३६ अंश रुंद झोताचे स्पॉट दिवे. छत साडेनऊ फूट असेल तर रॅकपासून सुमारे अडीच फूट अलीकडे लावायचे आणि रॅककडे ३० अंश कलते करायचे. मग झोत बरोबर पाच फुटांवर, म्हणजे नजरेच्या कप्प्यावर पडतो आणि साधारण सव्वातीन फूट पसरतो. म्हणून दोन स्पॉटमध्ये तीन फूट अंतर. आरशावर मात्र वरून दिवा नको. डोळ्यांखाली सावली पडते, आणि साडी कितीही चांगली असली तरी बाईला स्वतःचा चेहरा थकलेला दिसतो. दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर.

गादीवरची चादर पांढरीच हवी, हे जुन्या दुकानदारांना पक्कं ठाऊक होतं. गुलाबी चादरीवर उलगडलेल्या मोतिया साडीवर गुलाबी छटा येते. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

आता रंगकाम. त्याला मोकळा वेळ मिळतो पितृपक्षात, कारण त्या पंधरवड्यात नव्या कपड्यांची खरेदी थंडावते. अडचण अशी की भिंती तेव्हा पावसाने ओल्या असतात. दोन फूट चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी भिंतीला चिकटवून २४ तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. त्यावर पुट्टी आणि रंग चढवलात तर क्षार आतून ढकलतात आणि दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात. अशी भिंत उन्हाळ्यापर्यंत तशीच सोडा, रॅक दोन इंच पुढे ओढा. प्लायवूडने झाकू तर मुळीच नका. आत बुरशी धरते आणि ती रेशमापर्यंत पोचते.

कामाचा क्रम: वायरिंग, पुट्टी, घासणं, प्रायमर, रंग, आणि दिवे शेवटी. पुट्टी घासताना उडणारी भुकटी घड्यांमध्ये शिरते, म्हणून माल बाहेर हलवा, नुसती चादर पुरत नाही. छताला मॅट पांढरा. दोन हातांना एक लिटर साधारण ६० चौरस फूट पुरतो, म्हणजे २०० फुटांच्या छताला चार लिटर. दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे छोटे डबे, पीओपीच्या आत कोंडू नका, गरम होऊन तेच आधी जातात. हात जाईल एवढी झडप ठेवा.

शोकेसमध्ये सहा पुतळ्यांपेक्षा दोन बरे. पश्चिमेचं ऊन येत असेल तर रेशमी साडी आठवड्याच्या आत बदला, नाहीतर घडीच्या कडेवर विटलेला पट्टा दिसतो आणि ती साडी सेलमध्ये जाते.

राहिली पाटी. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे, आणि इतर लिपीतली अक्षरं तिच्यापेक्षा मोठी चालत नाहीत. दर दहा फूट अंतरामागे एक इंच उंचीचं अक्षर हा ढोबळ हिशेब. रस्त्यापलीकडून, ५० फुटांवरून वाचायचं तर पाच इंच, आणि वेलांट्या-मात्रांची जागा त्याखेरीज. ॲक्रिलिकची अक्षरं सुटी कापली की शिरोरेखा तुटते, म्हणून अख्खा शब्द एकसंध कापून घ्या. फाँट बदलताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात. कापण्याआधी कागदावर पूर्ण मापात छापून घ्या आणि एखाद्या शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.